कुंदाच्या गाठी

कुंदा उतेकरचं कौतुक सुरू झालं की मी उठून पाणी प्यायला जाते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. परवा जेवताना सासूबाईंनी काही संबंध नसताना विचारलं, "ती कुंदा आता कुठे असते गं?" माझ्या नवऱ्याने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. सासूबाईंना हल्ली नावं आठवत नाहीत. माझ्या बहिणीला त्या दर वेळी नव्या नावाने हाक मारतात, आणि मध्यंतरी मलाही शेजारणीच्या नावाने हाक मारून झाली. कुंदाचं नाव मात्र त्यांच्या तोंडात पक्कं बसलंय. चार-पाच वेळा घरी आलेली बाई. तेव्हाच ठरवलं की हिच्याबद्दल एकदा लिहून काढायचं, म्हणजे निदान पोटातलं बाहेर तरी पडेल.

महाडच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी ईडीपीत होते. ईडीपी म्हणजे कॉम्प्युटर खातं. नाव जुनाट, पण साऱ्या कारखान्यात एसी असलेली खोली तेवढीच. खोलीत कारखानीस साहेब, मी आणि एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीवर कुंदा आली, म्हणजे कागदोपत्री आली. प्रत्यक्षात ती खुर्चीवर क्वचित बसली. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळेला ती गायब. साहेबांनी मला शोधायला पाठवलं, तर बाई डिस्पॅचच्या शेडमध्ये एका उपड्या ड्रमवर बसून इस्माईलभाईंशी बोलत होती. इस्माईलभाई आमचे डिस्पॅचचे कारकून. मेंदी लावलेली दाढी, घरात पहिल्यापासून ट्रकचा धंदा. मी त्या कारखान्यात काही वर्षं काढली होती, पण "मॅडम, चलन पाठवतो" यापलीकडे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. तिला ते आपल्या वडिलांचा पहिला ट्रक कशेडी घाटात कसा बंद पडला होता ते सांगत होते, आणि ही हनुवटीखाली हात घेऊन "मग पुढं, चाचा?" म्हणत होती.

मी म्हटलं, साहेब शोधतायत. ती उठली, ड्रेस झटकला आणि मला म्हणाली, "चल गो."

मला कुणी गो म्हणत नसे. मी पुण्यात वाढलेली, लग्न होऊन महाडात आलेली. कुंदा सगळ्या बायकांना गो म्हणायची. झाडूवाल्या बाईला, मला, आणि एकदा वार्षिक समारंभात मॅनेजर साहेबांच्या बायकोलाही. त्या बाई चिडतील म्हणून मी वाट बघत उभी होते. त्या चिडल्या नाहीत. उलट तिचा हात धरून आपल्या गुडघेदुखीचं सांगत बसल्या.

लोक तिची गोष्ट सांगताना खेड्यातली साधी मुलगी वगैरे करून टाकतात, म्हणून एक आधीच सांगते. ती पोलादपूरची, आंबेनळीच्या रस्त्याला आत गेल्यावर तिचं गाव. पण महाडात बीएस्सी, मग मुंबईत मामाकडे राहून कॉम्प्युटरचा दोन वर्षांचा कोर्स. माझ्याइतकीच शिकलेली. आणि साधी तर अजिबात नव्हती. आपल्याला काम येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते ती न लाजता सांगायची. साहेबांनी एखादं काम दाखवलं की म्हणायची, "हे मला जमेल, चांगलं जमेल." मी तसं कधी म्हटलं असतं तर आगाऊ दिसले असते. तिला ते शोभायचं. कसं शोभायचं, हे मला आजवर कळलेलं नाही.

उंच होती. आवाज मोठा. डबा आणायची पण खायची दुसऱ्याच्यातलं, आणि तिचा डबा दुसरंच कुणीतरी संपवायचं. सुती पंजाबी ड्रेस, आणि ओढणीची टोकं कायम चुरगळलेली. चुरगळलेली, कारण तिथे गाठी असायच्या. तिला एखादी गोष्ट कळली नाही की ती ओढणीच्या टोकाला गाठ मारायची, आणि उत्तर मिळालं की सोडायची. खूणगाठ बांधली असं आपण नुसतं तोंडाने म्हणतो, ही खरंच बांधायची. मी तिला एकदा म्हटलं, वहीत लिहून ठेव की, कॉम्प्युटरवाली ना तू. ती म्हणाली, "वही मिटली की सुटलो आपण. ही दिवसभर हाताला लागते गो."

आता माझं एक सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझा नवरा ठाण्याला बँकेत होता. मी, मुलगी आणि सासूबाई महाडात. तो शनिवारी रात्री यायचा, रविवारी दुपारच्या एसटीने जायचा. मुलीला बालवाडीत बाईंनी विचारलं, बाबा काय करतात, तर ती म्हणाली, शनिवारी येतात. सगळ्यांनी हसून हसून मला ते सांगितलं. मला हसू आलं नाही. कंपनीचं हेड ऑफिस ठाण्यातच होतं. तिथे माझी बदली व्हावी एवढी एकच गोष्ट मला त्या काळात हवी होती, आणि महाडच्या ईडीपीतून हेड ऑफिसला जायची वाट काही दिसत नव्हती.

मग वाट निघाली. दोन हजार सात-आठच्या सुमाराला कंपनीने ऑर्डरी, डिस्पॅच, तक्रारी सगळं एका नव्या सॉफ्टवेअरवर नेलं. ते आमच्या कॉम्प्युटरवर नव्हतंच. कुठल्याशा परदेशातल्या सर्व्हरवर होतं आणि इंटरनेटवरून उघडायचं. हेड ऑफिसचे लोक त्याला क्लाउड म्हणायला लागले होते. गेटवरच्या वॉचमनला ते कळल्यावर तो आभाळाकडे बघून म्हणाला, आपला हिशेब वर गेला म्हणजे महाडात पडायला वेळ लागायचा नाही. एक ऑर्डर बघायची तर हे सॉफ्टवेअर उत्तम. पण सगळ्या कारखान्यांचा वर्षभराचा माल एकत्र बघायचा म्हटलं की ते हात वर करायचं. म्हणून डायरेक्टर साहेबांना डेटा वेअरहाऊस हवं होतं. सगळी माहिती रोज सकाळी ओढून आणून ठाण्याच्या एका डेटाबेसमध्ये नीट लावून ठेवायची, मग पाहिजे तो तक्ता काढा.

ओढून आणायला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर हाही एक प्रोग्रामच. परक्या सॉफ्टवेअरमधली माहिती तो आपल्या डेटाबेसला समजेल अशी टेबलं करून दाखवतो. मग आपण त्याला सांगायचं, इकडचा हा रकाना उचल आणि तिकडच्या त्या रकान्यात ठेव. एका सकाळी काहीच आलं नाही, कारण चाचणीसाठी घेतलेल्या ड्रायव्हरच्या लायसनची मुदत संपली होती. कुंदाने ते जाऊन इस्माईलभाईंना सांगितलं. ते पुढचे दोन दिवस ईडीपीच्या दारातून डोकावून विचारत होते, "लायसन काढलं का तुमच्या ड्रायव्हरनं?"

साहेबांनी आम्हा दोघींना बोलावून काम वाटून दिलं. ऑर्डरी आणि ग्राहक माझ्याकडे, डिस्पॅच आणि तक्रारी कुंदाकडे. आणि जाता जाता म्हणाले की हे उभं राहिलं की ते चालवायला एक माणूस ठाण्याला न्यायचा आहे, तुमच्यातलाच.

त्या रात्री मी सासूबाईंना काही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. दुसऱ्या दिवशी लवकर ऑफिसला गेले. कुंदा माझ्याही आधी येऊन बसली होती आणि तिच्या ओढणीला तीन गाठी होत्या.

काम करायची तिची रीत अशी. टेबल उघडलं की प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून ती विचारायची, "हे कोण भरतंय?" तो माणूस सापडेपर्यंत आणि तो ते काय समजून भरतो हे त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत रकाना लोड करायचा नाही. मी ड्रायव्हरकडून रकान्यांची नावं घ्यायची, कंपनीने पाठवलेलं पुस्तक समोर ठेवायची आणि जोड्या लावायची. सगळं जग तसंच करतं.

तक्रारींच्या टेबलात एक रकाना होता, तक्रार किती तातडीची आहे याचा. कोचीच्या डेपोतून येणारी प्रत्येक तक्रार बिनतातडीची. ड्रम फुटला, बिनतातडीची. सगळा माल परत, बिनतातडीची. मी म्हटलं, असेल तिथली माणसं शांत. कुंदाने गाठ मारली आणि कोचीला फोन लावला. तिकडे एक बाई होती, तिला हिंदी बेताची, कुंदाला इंग्रजी बेताची. दोघी बराच वेळ हसत होत्या. निघालं ते असं, की तातडीची म्हणून लिहिलं की हेड ऑफिसमधून लगेच फोन यायचे आणि कारणं मागायचे. ती कटकट नको म्हणून त्या बाईने सगळ्याच तक्रारी बिनतातडीच्या करून टाकल्या होत्या. खरी निकड असेल तर तक्रारीच्या मजकुराच्या शेवटी दोन टिंबं द्यायची. दोन टिंबांची खूण तिने आणि तिच्या शेजारच्या टेबलवाल्याने आपापसात ठरवलेली. कुंदाने ती टिंबं वाचून तातडी ठरवायची सोय केली आणि ओढणीची गाठ सोडली.

पंधरवड्याने कोचीहून पार्सल आलं. केळ्याचे वेफर्स, खोबरेल तेलात तळलेले. नाव कुंदाचं. मग मंगळूरहून काजू आले, गुंटूरहून मिरच्यांचं लोणचं आलं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. वेफर्स फार चांगले होते आणि मला एकेक घास जड जात होता. मीही त्याच डेपोंशी रोज ईमेलवर बोलत होते, व्यवस्थित, विनंतीपूर्वक. मला कुणी सुपारीचं खांड पाठवलं नाही.

मला काम येत नव्हतं असं समजू नका. परदेशातला सर्व्हर आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे चालतो आणि त्यामुळे पहाटेच्या पाळीत घेतलेल्या ऑर्डरी आदल्या दिवशी जाऊन पडतात, हे मी शोधून काढलं. कुणीही न सांगता. दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली होती. कुंदाने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर हाय." बस. कसं सापडलं, कधी लक्षात आलं, काही नाही. साऱ्या कारखान्याला प्रश्न विचारत फिरणारी ही बाई, माझ्या टेबलापाशी आली की गप्प. एकदा साहेबांनी तिला माझे रकाने तपासायला सांगितले तर म्हणाली, "वैशालीचं बघायला लागत नाय." साहेबांना वाटलं हे कौतुक आहे. मलाही तसंच वाटायला हवं होतं.

मुलीला ताप होता तेव्हा कुंदा प्रथम आमच्या घरी आली. मी आत मुलीपाशी होते, ती स्वयंपाकघरात सासूबाईंशी बोलत बसली. सासूबाई दुपारी चहा करताना एक कप जास्तीचा ओततात. तो ओट्यावर तसाच गार होतो आणि संध्याकाळी त्याच पिऊन टाकतात. लग्न झाल्यापासून मी हे पाहत होते. माझी समजूत, अंदाज चुकतो. कुंदा पहिल्यांदा त्या ओट्याशी बसली आणि तिने विचारलं, "हा कुणाचा?"

मी बाहेर आले तर सासूबाई डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. तो कप त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचा. दोघींनी सगळा संसार एकत्र रेटला आणि दुपारचा चहा तेवढा निवांत बसून घेतला. जाऊबाई गेल्या तरी हात थांबत नाही. कुंदा गेल्यावर मी सासूबाईंना जरा घुश्शातच म्हटलं, मला कधी सांगितलं नाहीत. त्या म्हणाल्या, "तू कुठे विचारलंस?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

डायरेक्टर साहेब महाडला आले त्या दिवसाची गोष्ट सांगते. कॉन्फरन्स हॉलमध्ये पडद्यावर आमचं काम दाखवायचं होतं. माझा भाग आधी. ऑर्डरींचे तक्ते, राज्याराज्याचे रंग, सगळं भरलेलं. डायरेक्टर साहेब खूश झाले. मग कुंदाचा भाग. डिस्पॅचचं सगळं आलं होतं, फक्त माल पोचल्याच्या तारखेचा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा. डायरेक्टरांनी विचारलं, हे काय. सॉफ्टवेअरमध्ये तर तारखा दिसतात.

कुंदा उभी राहिली. "दिसतात सर, पण त्या पोचल्याच्या नायत. त्या कशेडी उतरल्याच्या हायत."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. तिने शांतपणे सांगितलं. दक्षिणेकडे जाणारा आमचा ट्रक कशेडी घाट चढून पलीकडे खेडच्या बाजूला उतरला की ड्रायव्हर पहिल्या ढाब्यावरून इस्माईलभाईंना फोन करतो. इस्माईलभाई तेव्हाच पोचला म्हणून लिहितात. त्यांचे वडीलही तसंच करायचे. पावसाळ्यात दरड आली की ट्रक घाटात दिवस दिवस अडकायचे, घरची माणसं वाट बघायची. म्हणून घाट उतरला म्हणजे पोचला, पुढे काळजी नाही. ट्रकवाल्यांच्या घरात आजही असंच बोलतात. त्यात कुणाला फसवायचं नव्हतं. नव्या सॉफ्टवेअरने पोचला का म्हणून विचारलं, इस्माईलभाईंनी आपल्या रीतीने खरं ते सांगितलं. पण तो रकाना तसाच लोड केला तर महाडहून सकाळी निघालेला माल त्याच दुपारी कोचीत पोचलेला दिसणार होता.

मला दोन आठवडे द्या, ती म्हणाली. मी प्रत्येक डेपोला विचारून खरी तारीख मिळवायची सोय करते.

डायरेक्टरांनी घड्याळ पाहिलं. ते निघून गेल्यावर कारखानीस साहेब पहिल्यांदाच तिच्यावर चढले. सॉफ्टवेअरमध्ये जे आहे ते वेअरहाऊसमध्ये टाकायचं, त्याचा अर्थ लावायचा पगार आपल्याला मिळत नाही. ती म्हणाली, "मी नाय टाकणार, साहेब. तुम्ही वैशालीला सांगा, तिला जमेल."

साहेबांनी मला सांगितलं आणि मी टाकला. तासाभराचं काम. मला त्याबद्दल वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. सांगितलेलं काम होतं आणि माझी मुलगी बापाला शनिवारचे बाबा म्हणत होती.

महिन्याने माझ्या बदलीचं पत्र आलं. मी जिंकले होते. आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. साहेबांच्या केबिनमधून बाहेर आले तर कुंदा समोर. मला वाटलं आता हिचा चेहरा बघायला मिळेल. तिने माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं गो. पोरीला आता रोजचा बाप मिळाला." आणि सगळ्या शेडमध्ये पेढे तिनेच वाटले, तिच्या पैशांचे. कसलीही जळजळ नव्हती तिच्यात. मी नीट न्याहाळून पाहिलं. जरा तरी असती तर मला हलकं वाटलं असतं.

मग एक किडा डोक्यात शिरला. तिने मुद्दाम तर हे केलं नसेल? मला बदली मिळावी म्हणून तर रकाना रिकामा ठेवला नसेल? तसं असेल तर मला तिच्या उपकाराचं ओझं नको होतं, आणि खरं सांगायचं तर हवंही होतं. निदान तिने माझ्यासाठी काहीतरी केलं असं तरी झालं असतं. मी इस्माईलभाईंना गाठलं. म्हटलं, तुम्हाला ती सगळं सांगते, खरं काय ते सांगा.

ते चलनावर शिक्के मारत होते, हात न थांबवता बोलले. "वैशालीताई, ती कुणासाठी मुद्दाम काय करायची नाय. तुमच्यासाठी नाय नि माझ्यासाठी पण नाय. तिला ते तसं भरवत नव्हतं, एवढंच."

म्हणजे त्या सगळ्यात मी नव्हतेच. मी दिवसरात्र तिच्याशी शर्यत लावली होती आणि ती दुसऱ्याच कामात होती.

निरोपाच्या दिवशी सासूबाईंनी तिच्यासाठी कोकमं दिली होती. ती घेताना तिने मला एक प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत तेवढाच.

"जायला आवडतंय ना तुला?"

मी हो म्हटलं. ओढणीचं टोक तिच्या हातातच होतं. मी तिच्या बोटांकडे बघत होते. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि टोक सोडून दिलं.

ठाण्यात सगळं मनासारखं झालं. पण वर्ष उलटायच्या आत कोचीच्या एका ग्राहकाने तंटा काढला. माल पोचल्यावर पैसे द्यायचे असं ठरलेलं, आणि माल पोचण्याआधीच पैशांचा तगादा त्याच्याकडे गेला होता, कारण आमच्या वेअरहाऊसच्या हिशेबाने माल कधीच पोचला होता. हेड ऑफिसने महाडला फोन लावला. उत्तर तयारच होतं. कुंदाने मधल्या काळात इस्माईलभाईंना त्यांची रीत सोडायला लावलीच नव्हती. तिने त्या सॉफ्टवेअरमध्ये एक जास्तीचा रकाना तयार करून ठेवला होता, हेड ऑफिसने चालू करायचा तेवढा बाकी. घाट उतरल्याचा, तो इस्माईलभाईंचा. आणि पोचल्याची तारीख ज्या त्या डेपोने माल हातात आल्यावर भरायची. डायरेक्टर साहेबांना ते इतकं पटलं की सगळ्या कारखान्यांना तोच नमुना लावा म्हणाले. ट्रक घाटात अडला हे आधी कळलं तर डेपो सावध राहतो, असंही म्हणाले. त्यांच्या तोंडी ती कल्पना त्यांचीच झाली होती, पण रकान्याचं नाव कुणी बदललं नाही. इंग्रजी अक्षरांत, घाट.

तो रकाना लोड करणं माझं काम. रोज सकाळी ड्रायव्हर चालू करायचा आणि पहिल्यांदा त्यात काय आलंय ते बघायचं. नागपूरच्या कारखान्याचा माल कुठला घाट उतरणार, पण त्यांच्यासाठीही रकाना होताच, रिकामा. मी तो रकाना रोज बघायची आणि रोज चरफडायची. घड्याळाचा साडेपाच तासांचा घोळ मी निस्तरला होता. तो इतका नीट निस्तरला होता की तिथे कधी काही होतं हेच कुणाला आठवत नव्हतं.

नंतर एकदा आम्ही तिघं गाडीने महाबळेश्वरला निघालो होतो. सासूबाई तेव्हा महाडातच राहायच्या, वाटेत त्यांच्यापाशी थांबून पोलादपूरला पोचलो. तिथे आंबेनळीच्या रस्त्याला वळायच्या आधी एक ट्रक कडेला उभा होता, त्याने रस्ता अर्धा अडवला होता. नवऱ्याने गाडी हळू केली. ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून कुंदा उभी होती. मान वर करून आतल्या ड्रायव्हरशी बोलत होती. ड्रायव्हर पंचविशीचा, कुठला कोण. तो काहीतरी हातवारे करून सांगत होता आणि ती ऐकत होती, तशीच, इस्माईलभाईंचं ऐकायची तशी, जसं काही त्या दिवशी दुसरं कामच नाही.

मागून मुलगी म्हणाली, "आई, कुंदामावशी ना?"

काच खाली केली असती तर हाक ऐकू गेली असती, एवढी ती जवळ होती. ती वळली असती, काय गो म्हणाली असती, मुलीचा गालगुच्चा घेतला असता, सासूबाईंचा चहा विचारला असता. मला काही विचारलं नसतं. वैशालीचं बघायला लागत नाय.

मी नवऱ्याला म्हटलं, चल, पुढे घाटात गर्दी होईल. गाडी पुढे सरकली तेव्हा मी वळून पाहिलं. तो पोरगा बोलायचा थांबला होता आणि कुंदा खाली मान घालून ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती. त्याने काय सांगितलं होतं देव जाणे. घाटाचं असेल, घरचं असेल. ती गाठ आता दिवसभर तिच्या हाताला लागणार होती. मला त्या पोराचा इतका हेवा वाटला की आंबेनळी सुरू व्हायच्या आत मी पाण्याची बाटली रिकामी केली.